भांडी मिळाली, आता पोरांच्या फीचं बघा

रविवारी सकाळी युनियनच्या ऑफिसात टेबल मांडलं की पहिला प्रश्न ठरलेला. "ताई, भांड्यांचं काय झालं?" भांडी म्हणजे बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचा गृहोपयोगी संच: ताटं, वाट्या, कुकर, कढई वगैरे. गेल्या काही वर्षांत या भांड्यांनी जेवढे गवंडी आणि बिगारी मंडळाच्या दारात आणले, तेवढे कुठल्याही भाषणानं आणले नसतील. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण भांडी मिळाली की माणूस मंडळाच्या नोंदणीचं कार्ड पेटीच्या तळाशी ठेवून देतो, ते वर्षभरात संपतं, आणि त्याच कार्डावर मुलीच्या कॉलेजचे वर्षाला २०,००० रुपये मिळाले असते हे त्याला कळतं तेव्हा मुलगी शिक्षण सोडून लग्न होऊन गेलेली असते.

म्हणून हा लेख भांड्यांनंतरचा. युनियनमध्ये नव्यानं आलेल्या, किंवा नवरा-भाऊ युनियनमध्ये आहे पण कागद आपल्यालाच बघावे लागतात अशा बायकांसाठीसुद्धा. जास्त बोलणार आहे बांधकाम कामगारांबद्दल, कारण माझं टेबल त्यांचं आहे. कंपनीतल्या आणि विडी कामगारांचं पुढे थोडक्यात येईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: हे पैसे कुणाचे?

सरकारी मदत म्हटलं की आपल्याकडं माणूस आपोआप वाकून उभा राहतो. इथं वाकायचं कारण नाही. १९९६ साली केंद्रानं दोन कायदे केले. एक बांधकाम कामगारांच्या नोकरीच्या अटींचा, दुसरा उपकराचा. या दुसऱ्या कायद्याप्रमाणं बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि तो कामगारांच्या मंडळाकडं जातो. एक कोटीची इमारत उभी राहिली की एक लाख रुपये. तुम्ही ज्या स्लॅबवर माल टाकला, त्या स्लॅबच्या हिशेबात तुमच्या मुलाच्या फीचा वाटा आधीच धरलेला आहे. महाराष्ट्रात कायद्याचे नियम २००७ मध्ये झाले आणि मंडळ २०११ मध्ये स्थापन झालं. म्हणजे कायदा आल्यानंतर आपल्या राज्याला मंडळ उभं करायला १५ वर्षं लागली. तेवढ्या काळात एक पिढी शाळेतून बाहेर पडली, ते असो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आणि हे जुने कायदे त्यात सामावले गेले. त्यामुळं नाक्यावर अफवा उठली होती की कार्डं रद्द झाली. उपकर आणि राज्याची मंडळं ही दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. अफवेवर कार्ड फेकू नका.

पायरी १: तुम्ही कुठल्या मंडळाचे?

यात लोक सगळ्यात जास्त गल्लत करतात. "कामगार कल्याण मंडळ" या नावाशी मिळतीजुळती दोन वेगळी मंडळं आहेत आणि एकाचा फॉर्म दुसरीकडं चालत नाही.

गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले, रंगारी, सुतार, प्लंबर, वायरमन, सळई बांधणारे, रस्त्याच्या कामावरचे, म्हणजे ज्यांचं काम बांधकामात मोडतं, ते सगळे महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे. कारखाना, दुकान, हॉटेल, दवाखाना अशा आस्थापनेत पगारावर असलेले महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचे. हे जुनं, १९५३ सालचं. नाट्यस्पर्धा भरवतं म्हणून बऱ्याच जणांना ठाऊक असतं, शिष्यवृत्तीसाठी मात्र फार कमी जणांना. विडी वळणाऱ्या बाया केंद्र सरकारच्या श्रम मंत्रालयाच्या कल्याण योजनेत.

एखाद्या बिल्डरच्या कंपनीत तुम्ही पगारी सुपरवायझर असाल, तर तुम्ही यातले नक्की कुठले हे युनियनमध्ये विचारून घ्या. पगारपत्रक बरोबर आणा.

पायरी २: कार्ड जिवंत ठेवा

शिक्षणाच्या अर्जाची खरी सुरुवात फॉर्मपासून होत नाही, कार्डापासून होते. नोंदणीसाठी वय १८ ते ६० मध्ये हवं आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेलं हवं. नोंदणीला किंवा वार्षिक वर्गणीला एक रुपयापेक्षा जास्त लागत नाही. पुन्हा सांगते, एक रुपया. एजंट ज्या हजार-दोन हजारांची गोष्ट करतो ते मंडळाकडं जात नाहीत.

अडचण येते ती ९० दिवसांच्या दाखल्यात. हा दाखला कामावरच्या मालकानं किंवा ठेकेदारानं द्यायचा. नाक्यावरून रोज वेगळ्या माणसाकडं जाणाऱ्याला कुठला मालक दाखला देणार? म्हणून गावात ग्रामसेवकाचा (आता त्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) आणि शहरात महापालिका किंवा नगरपालिकेच्या अधिकाऱ्याचा दाखला चालतो. प्रत्यक्षात दोघंही सही द्यायला कां-कूं करतात, कारण खोट्या दाखल्यांची प्रकरणं झाली आहेत आणि उद्या बोट आपल्याकडं दाखवलं जाईल अशी त्यांना भीती असते. त्यांचंही अगदी चुकतं असं नाही.

यावर आम्ही एक साधी सवय लावली. दोनशे पानी वही घ्या. रोज संध्याकाळी तारीख, कुठल्या साइटवर, कुणाच्या हाताखाली, काय काम, किती हजेरी एवढं लिहा. जमलं तर मुकादमाची सही घ्या, नाहीतर निदान त्याचा मोबाईल नंबर. साइटवरचा एखादा फोटो. ही वही काही सरकारी पुरावा नाही. पण दाखला देणाऱ्यासमोर ती उघडली की त्याचा चेहरा बदलतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. ज्याच्याकडं वही आहे त्याच्याशी अधिकारी वेगळ्या आवाजात बोलतो.

दाखला विकत मिळतो, हेही तुम्हाला कुणीतरी सांगेलच. घेऊ नका. एक तर तो गुन्हा. दुसरं, असा दाखला पकडला गेला की नोंदणीच जाते, आणि मग मुलाचा चौथ्या वर्षाचा हप्ता मागताना पहिल्या वर्षीची चोरी पुढं येते.

दाखल्याबरोबर लागतं ते नेहमीचंच: आधार, वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, फोटो, बँकेचं पासबुक. रेशन कार्ड जवळ ठेवा, कारण मुलं तुमचीच हे दाखवायला पुढं तेच कामाला येतं.

नोंदणीची मुदत एक वर्षाची. दर वर्षी नूतनीकरण, आणि प्रत्येक वेळी पुन्हा ९० दिवसांचा दाखला. शिक्षणाचा अर्ज करताना नोंदणी चालू नसेल तर बाकी सगळे कागद सोन्याचे असले तरी उपयोग नाही. आमच्याकडं एक फरशीवाले काका आले होते. मुलगी पॉलिटेक्निकला, गुण उत्तम, फाईल इतकी नीट की मला स्वतःची लाज वाटली. कार्ड अकरा दिवसांपूर्वी संपलेलं. सणाला गावी गेले होते, परत आल्यावर बघू म्हणाले. नूतनीकरण होऊन कार्ड पुन्हा चालू होईपर्यंत सगळं अडकलं. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये कार्ड संपायच्या दोन महिने आधीचा गजर लावून देते. तुम्हीही लावा, आत्ताच.

बायकांसाठी एक वेगळी सूचना. साइटवर नवरा-बायको जोडीनं काम करतात, पण नोंदणी फक्त नवऱ्याची असते. मुकादमाच्या वहीत जोडी म्हणजे एकच ओळ. बाईनं स्वतःचं कार्ड काढावं. विटा तिनंही वाहिल्यात, आणि नवऱ्याचं कार्ड बंद पडलं, नवरा सोडून गेला किंवा वारला, तर मुलांच्या शिक्षणाचा अर्ज तिच्या कार्डावर होतो. फक्त एकाच मुलासाठी दोघांच्या कार्डावरून दोनदा अर्ज करायला जाऊ नका.

पायरी ३: कुठल्या इयत्तेला किती

मंडळाच्या शैक्षणिक योजनांना ई-०१, ई-०२ असे क्रमांक आहेत. फॉर्म भरणारा पोरगा याच भाषेत बोलतो, म्हणून क्रमांक लक्षात ठेवलेले बरे.

ई-०१ शाळेची. पहिली ते सातवी वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावी ५,००० रुपये. अट आहे हजेरीची: किमान ७५ टक्के. ई-०२ गुणांची. दहावीत किंवा बारावीत ५० टक्के किंवा जास्त गुण असतील तर १०,००० रुपये. ई-०३ म्हणजे अकरावी आणि बारावीच्या शिक्षणाला वर्षाला १०,००० रुपये. ई-०४ पदवीला वर्षाला २०,००० रुपये. ई-०५ मध्ये वैद्यकीय शिक्षणाला वर्षाला १,००,००० आणि अभियांत्रिकीला ६०,००० रुपये. ई-०६ मध्ये शासनमान्य पदविकेला वर्षाला २०,००० आणि पदव्युत्तर पदविकेला २५,००० रुपये. ई-०७ मध्ये एमएस-सीआयटी या संगणकाच्या कोर्सची फी परत मिळते.

हे पहिल्या दोन मुलांपुरतं आहे. आणि पदवीच्या आणि वैद्यकीय-अभियांत्रिकीच्या योजनांत पुरुष कामगाराच्या पत्नीलाही लाभ आहे, ही ओळ फारशी कुणी वाचत नाही. दहावी-बारावी होऊन लग्न झालेल्या, पुढं शिकायची इच्छा असलेल्या किती सुना आपल्या वस्तीत आहेत, मोजून बघा.

आता आकडे एकत्र करून बघू. एक मूल पहिलीपासून बारावीपर्यंत दर वर्षी अर्ज केला आणि दोन्ही बोर्डाच्या परीक्षांत पन्नास टक्क्यांच्या वर राहिलं, तर:

पहिली ते सातवी १७,५००, आठवी ते दहावी १५,०००, दहावीच्या गुणांचे १०,०००, अकरावी-बारावीचे २०,०००, बारावीच्या गुणांचे १०,०००. एकूण ७२,५०० रुपये. पुढं तीन वर्षांची पदवी धरली तर १,३२,५०० रुपये. दोन मुलांचं दुप्पट.

लोक म्हणतात, पहिलीच्या अडीच हजारांसाठी कोण दिवस मोडणार, एका दिवसाची हजेरी बुडते. मी म्हणते, मोडा. पहिली-दुसरीला अर्ज केलेला माणूस अकरावीला चुकत नाही, कारण त्याची नावं जुळलेली असतात, खातं जोडलेलं असतं, कार्ड चालू असतं. जो थेट इंजिनिअरिंगच्या ६०,००० साठी उगवतो त्याचीच फाईल नावातल्या एका वेलांटीवर अडकते.

पायरी ४: नावं जुळवा, मग कागद जमवा

कागदांची यादी लहान आहे. चालू नोंदणीचं कार्ड, कामगाराचं आणि मुलाचं आधार, रेशन कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, शाळा-कॉलेजचं बोनाफाईड (तिथं शिकत असल्याचा दाखला). त्याखेरीज योजनेप्रमाणे एखादा जादा कागद: ई-०१ ला ७५ टक्के हजेरीचा शाळेचा दाखला, ई-०२ ला गुणपत्रिका, अकरावीनंतर मागच्या वर्षाची गुणपत्रिका आणि चालू वर्षाच्या प्रवेशाची पावती, ई-०७ ला फीची पावती आणि उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र.

यादी लहान, पण भांडण मोठं होतं ते नावांवरून. आधारवर "ज्ञानोबा", शाळेत "ज्ञानेश्वर", पासबुकात इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. मुलीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव घरातलं, रेशन कार्डावर कागदावरचं. मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांत आडनाव कधी गावाचं लागलेलं असतं, कधी मूळ. कलबुर्गीकडच्या लमाण बांधवांच्या कागदांवर तर राठोड आणि चव्हाण यांच्या स्पेलिंगचे इतके अवतार असतात की मी आता मोजणं सोडलंय. बाईचं नाव माहेरचं की सासरचं हा आणखी एक घोळ, कारण आधार लग्नाआधीचं आणि पासबुक लग्नानंतरचं.

हे सगळं मे महिन्यात, शाळा सुरू व्हायच्या आधी सरळ करून घ्या. एका कागदावर पाच ओळी आखा: आधार, कार्ड, पासबुक, रेशन कार्ड, शाळेचा दाखला. प्रत्येकासमोर त्यावरचं नाव जसंच्या तसं लिहा, मराठीत आणि इंग्रजीतही. जिथं फरक दिसेल तिथं लाल खूण. दुरुस्ती शक्यतो आधारमध्येच करा. शाळेच्या दाखल्यातलं नाव बदलणं अवघड आणि वेळखाऊ, त्यातून दहावीनंतर तर फारच.

खात्याचंही बघा. पैसे थेट बँकेत येतात, म्हणून खातं कामगाराच्या नावाचं, चालू आणि आधारला जोडलेलं हवं. कित्येकांची शून्य रकमेची खाती वर्षानुवर्षं व्यवहार नसल्यानं बंद पडलेली असतात. बँकेत जा, शंभर रुपये भरा, पासबुक छापून घ्या. छापलं गेलं म्हणजे खातं जिवंत.

शाळेतून बोनाफाईड घेताना त्यावर इयत्ता, शैक्षणिक वर्ष, तारीख आणि मुख्याध्यापकांचा शिक्का आहे का ते तिथंच उभं राहून वाचा. वाचता येत नसेल तर मुलालाच वाचायला सांगा. त्याचाच कागद आहे.

पायरी ५: अर्ज

अर्ज ऑनलाइन. मंडळाच्या संकेतस्थळाचं नाव महाबीओसीडब्ल्यू डॉट इन. नोंदणी क्रमांक टाकला की मोबाईलवर ओटीपी येतो, मग योजना निवडायची, कागदांचे फोटो चढवायचे. त्यानंतर मूळ कागद घेऊन पडताळणीला जायचं असतं. त्या दिवशी कामगारानं स्वतः जायचं. "बायको घेऊन जाईल" असं चालत नाही, कार्ड ज्याच्या नावावर तो माणूस समोर लागतो.

फोटो काढताना कागद जमिनीवर ठेवून, उजेडात, चारही कोपरे दिसतील असा काढा. हसाल, पण सावलीत काढलेल्या, अंगठा आलेल्या फोटोंमुळं परत आलेले अर्ज मी भरपूर पाहिले आहेत. अर्जातलं हमीपत्र सही करण्याआधी वाचून घ्या.

अर्ज गेला की पोचपावतीचा क्रमांक वहीत लिहा. हो, त्याच हजेरीच्या वहीत. मोबाईल पडतो, स्लॅबवरून तर नक्कीच पडतो.

एजंटचं काय करायचं हा प्रश्न दर वेळी निघतो. कुणी फॉर्म भरून देण्याची मजुरी म्हणून ठरावीक, थोडे पैसे घेत असेल आणि पावती देत असेल, तर माझी हरकत नाही, सायबर कॅफेवालाही घेतोच. पण "मिळतील त्यातले निम्मे" म्हणणाऱ्याच्या हातात एटीएम कार्ड, पासबुक आणि ओटीपी देऊ नका. आमच्या टेबलापर्यंत अशी एक केस आली होती: मुलाच्या पदविकेचे पैसे आले, त्यातले निम्मे त्याच दिवशी गेले, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण करायला तोच एजंट फोन उचलेना, कारण नोंदणीत मोबाईल नंबर त्याचाच दिलेला. नंबर बदलून घ्यायला आम्हाला जेवढा त्रास झाला तेवढा अर्जाला झाला नव्हता. नोंदणीत नंबर तुमचाच हवा, मुकादमाचा नको, भाच्याचा नको.

पायरी ६: अडकलं तर

अर्ज नामंजूर झाला तर कारण दिसतं. ते कारण शब्दशः लिहून आणा. "रिजेक्ट झालं" एवढं सांगून आम्हाला काही करता येत नाही. बहुतेक वेळा कारण दुरुस्त होण्यासारखं असतं: फोटो अस्पष्ट, दाखल्यावर तारीख नाही, नाव जुळत नाही. दुरुस्त करून पुन्हा भरायचा.

अर्ज मंजूरही नाही, नामंजूरही नाही, महिनोन्महिने तसाच, हा खरा वैताग. अशा वेळी आधी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक-शिक्का घ्या. शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. तरीही उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करायचा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून रागाचं निबंधलेखन नको. "माझा अमुक क्रमांकाचा अर्ज सध्या कुणाकडं प्रलंबित आहे, किती दिवसांपासून आणि का" एवढं पुरतं.

युनियनचा खरा उपयोग इथंच. एकट्यानं खिडकीशी गेलेल्या माणसाला "उद्या या" म्हणतात. चाळीस प्रलंबित अर्जांची यादी घेऊन युनियनचं शिष्टमंडळ गेलं की खुर्च्या मागवल्या जातात. म्हणून अडकलेला अर्ज घरी ठेवू नका, त्याचा क्रमांक युनियनच्या वहीत नोंदवा.

कंपनीत असाल तर

जून आणि डिसेंबरचं पगारपत्रक काढा. प्रत्येकात कामगार कल्याण निधी म्हणून २५ रुपये कापलेले दिसतील. मालक त्यात ७५ रुपये घालतो. हे पन्नास रुपये वर्षाला कापले जातात आणि बहुतेकांना ते कशाचे हे ठाऊक नसतं. त्यावर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या शिष्यवृत्त्या, पाठ्यपुस्तकांसाठी सहाय्य, एमएस-सीआयटीच्या फीत मदत, परदेशी शिकणाऱ्या मुलांसाठी शिष्यवृत्ती अशा योजना आहेत. शिष्यवृत्तीला गुणांची अट आहे, म्हणजे बांधकाम मंडळापेक्षा इथं स्पर्धा जास्त. अर्जाला लिन क्रमांक (कामगाराचा ओळख क्रमांक) लागतो, तो कंपनीच्या कार्यालयातून मिळतो. कंपनी टाळाटाळ करत असेल तर समजा की कापलेले पैसे भरलेच नसतील, आणि तो प्रश्न लगेच युनियनच्या बैठकीत मांडा.

या मंडळाच्या कल्याण केंद्रांत शिवणवर्ग, ग्रंथालय, अभ्यासिकाही चालतात. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहत असतील तर बारावीच्या पोराला शिष्यवृत्तीइतकीच अभ्यासिकेतली खुर्ची मोलाची असते.

ईएसआयसीचं, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचं, कार्ड असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ईएसआयसीच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विमाधारक कामगारांच्या मुलांसाठी एमबीबीएसच्या काही जागा राखीव असतात. 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागतेच, पण विमाधारकाचं पाल्य असल्याचं प्रमाणपत्र वेळेत काढलं तर मुलगी वेगळ्या यादीत येते. बारावीच्या निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा अकरावीतच स्थानिक ईएसआयसी कार्यालयात अटी विचारून ठेवा.

विडी कामगार

सोलापूरच्या आणि इतर ठिकाणच्या विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम मंत्रालयाकडून शिष्यवृत्ती मिळते. इयत्तेप्रमाणं वर्षाला १,००० पासून २५,००० रुपयांपर्यंत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं, ते आईच्या नावाचं असतं, आणि बहुतेक घरांत खरी अडचण हीच निघते की कारखानदार ओळखपत्राच्या कागदावर सही करत नाही. तिथंही युनियनच.

वसतिगृहाच्या खर्चासाठी

मूल शहरात शिकायला ठेवलं असेल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघा. तिच्यात नोंदणीकृत मजुरांच्या मुलांचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे तुमचं बांधकाम कार्ड तिथंही बोलतं. ऑनलाइन फॉर्ममध्ये हा प्रश्न येतो तेव्हा मुलं घाईत "नाही" दाबून पुढं जातात. मुलाला आधीच सांगून ठेवा: बाबा नोंदणीकृत आहेत, "हो" दाब.

आणि तुमचं स्वतःचं शिक्षण?

इथं टेबलापलीकडचा माणूस हसतो. "आता काय शिकायचं ताई, वय झालं." मग मी विचारते, प्लॅस्टरला किती वर्षं झाली? वीस. कागद काय आहे? काहीच नाही. वीस वर्षांचा कारागीर आणि कागदावर अकुशल.

यासाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच्या कामाच्या अनुभवाला मान्यता देण्याचा प्रकार आहे. आरपीएल म्हणतात. तुमच्या हातात असलेलं काम तपासून, थोडं प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र देतात. या प्रमाणपत्रानं उद्याच हजेरी वाढेल असं मी सांगणार नाही. मोठ्या कंपनीच्या साइटवर किंवा आखातात जाणाऱ्याला मात्र ते दाखवता येतं. एखादी संस्था दोन दिवस हॉलमध्ये बसवून, फोटो काढून पाठवत असेल, तर ती नुसती हजेरी भरते आहे हे ओळखा. चांगल्या ठिकाणी हातात थापी देतात आणि ओळंबा लावायला सांगतात.

शाळा सुटलेल्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्याचा जुना रस्ता आहे. मुंबईत रात्रशाळा आहेत. गिरणगावात दिवसभर साचे चालवून रात्री बाकावर बसणारी पिढी होती, त्या पिढीतल्या काहींनी पुढं युनियन चालवल्या.

युनियन चालवायचंही शिक्षण मिळतं. नागपूरला मुख्यालय असलेलं दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय श्रमिक शिक्षण व विकास मंडळ १९५८ पासून (तेव्हाचं नाव केंद्रीय श्रमिक शिक्षण मंडळ) कामगारांचे वर्ग घेतं: कायदे, वेतन, सुरक्षा, सामाजिक सुरक्षेच्या योजना. वर्ग तुमच्या वस्तीत किंवा साइटवरही घेता येतो, युनियननं प्रादेशिक कार्यालयाला पत्र द्यायचं आणि माणसं जमवायची. आमच्या युनियननं असा वर्ग घेतला तेव्हा पहिल्या दिवशी चहासाठी जास्त आणि वर्गासाठी कमी माणसं आली. दुसऱ्या दिवशी सळई बांधणाऱ्या एका पोरानं उभं राहून विचारलं की ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यायचा असतो हे आमच्या ठेकेदाराला कुणी सांगायचं. त्या पोराला आम्ही सोडलं नाही. आता रविवारी माझ्या शेजारी बसून तो फॉर्म भरतो.

तो नसेल तर मी असते. येताना कार्ड, वही, मुलाचं बोनाफाईड, पासबुक घेऊन या, आणि मोबाईल चार्ज करून आणा. ओटीपी यायच्या नेमक्या वेळी बंद पडलेला मोबाईल आमच्या टेबलावर दर रविवारी एक तरी असतोच, आणि चार्जर एकच आहे.